नाही म्हणायला नऊ माणसं

साकोलीत सल्ल्याचा तुटवडा कधीच नव्हता. महामार्गावर रायपूरकडे निघालेल्या ट्रकचं टायर बसलं, तर ड्रायव्हर जॅक काढेपर्यंत चार सल्लागार जमतात, आणि त्यातल्या दोघांनी उभ्या आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलेलं नसतं. त्यामुळे दानधर्माच्या एखाद्या निधीला सल्लागार समिती असावी आणि तिने फुकट राबावं, ही कल्पना आमच्याकडे रुजायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो नऊच जण निवडायला. आपण त्यात का नाही, हे उरलेल्या गावाला अजून पटलेलं नाही.

निधीचं नाव सांगत नाही. त्या समितीत मी आहे आणि मला याच गावात राहायचं आहे. हकीकत एवढीच की फार वर्षांपूर्वी एका गुरुजींनी आपली धानाची बांधी विकून आलेले पैसे एका ट्रस्टकडे ठेवले आणि लिहून दिलं, की याच्या व्याजातून तालुक्यातल्या ‘गरीब, हुशार व निर्व्यसनी विद्यार्थ्यांस रात्रीच्या अभ्यासाकरिता कंदील व रॉकेल’ द्यावं. गुरुजी गेले. मागोमाग कंदील गेला, मग रॉकेल गेलं. व्याज तेवढं दरवर्षी न चुकता येतं.

हे व्याज कोणाला द्यायचं ते ठरवण्याचा अधिकार विश्वस्तांचा. पण विश्वस्त होणं म्हणजे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा डोक्यावर घेणं. पूर्वी या कायद्याच्या नावात मुंबई होती, आता महाराष्ट्र आहे. कटकट तीच आहे. दरवर्षी हिशेब तपासून घ्या, विश्वस्त बदलला की फेरफार अहवाल द्या, आणि एक सही राहिली म्हणून भंडाऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात चक्कर मारा. सल्लागाराला यातलं काही नाही. त्याने बोलायचं, विश्वस्ताने निस्तरायचं. विश्वस्त मिळवायला आम्हाला लोकांच्या पाया पडावं लागतं आणि सल्लागारांची प्रतीक्षा यादी आहे, ती यामुळेच.

नऊ जणांत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना प्रत्येक अर्जातलं शुद्धलेखन खटकतं आणि अर्जदाराचा बापही त्यांचाच विद्यार्थी असल्यामुळे दोष कोणाला द्यावा हे कळत नाही. एक वकीलसाहेब आहेत. ते ‘विदाऊट प्रिज्युडिस’ म्हटल्याशिवाय आलूबोंडाही घेत नाहीत. एक डॉक्टर, एक राइस मिलवाले शेठजी, एक शेतकी खात्यातून निवृत्त झालेले काकाजी. एक पुण्याला नोकरी करणारा तरुण आहे, तो फोनवरून हजर असतो आणि आमचं नेटवर्क गेलं की फक्त त्याचं ‘माझा आवाज येतोय का’ एवढंच इतिवृत्तात जातं. एक अंगणवाडीच्या निवृत्त पर्यवेक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो; अर्ज घरून वाचून येणाऱ्या त्या एकट्याच. एक मी. आणि एक आमच्या तंटामुक्त गाव समितीचे माजी अध्यक्ष.

या शेवटच्या गृहस्थांबद्दल दोन शब्द अधिक. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. गावातले तंटे गावातच मिटवायचे, त्यासाठी ग्रामसभेने समिती निवडायची, आणि गाव तंटामुक्त झालं की लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस. कल्पना उत्तमच होती. फक्त या समितीचा अध्यक्ष निवडताना पूर्व विदर्भातल्या कित्येक ग्रामसभांत जे तंटे झाले, ते मिटवायला दुसरी समिती नव्हती. आमचे गृहस्थ अशाच एका रणातून निवडून आले होते. त्यांना कोणत्याही बैठकीत आवाज चढलेला चालतो, किंबहुना चढला नाही तर कोरम पुरा झाला नाही असं वाटतं.

बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरते. विषयपत्रिकेतला पहिला विषय ‘मागील इतिवृत्त कायम करणे’, आणि त्यातच पाऊण तास जातो. कारण मागच्या वेळी आपण काय बोललो ते कोणालाच मान्य नसतं. मग चहा. मग अर्ज.

आता मुख्य पेच कंदिलाचा. गुरुजींनी कंदील लिहिलाय. पोरं मागतात कॉलेजची फी, गडचिरोलीच्या नाही तर नागपूरच्या वसतिगृहाचं भाडं, मोबाइलचा रिचार्ज. वकीलसाहेबांचं म्हणणं, दात्याने लिहिलंय त्याच्या बाहेर एक पैसा जाता कामा नये, कंदीलच द्या. शेठजी म्हणाले, देऊ की, पण कंदील मिळतो कुठं? काकाजींनी सौर कंदिलाची सूचना केली. मुख्याध्यापकांनी विचारलं, सौर कंदिलात रॉकेल घालायचं कुठं, कारण अट ‘कंदील व रॉकेल’ अशी आहे, ‘कंदील वा रॉकेल’ अशी नाही. इथे फोनवरून पुण्याचा आवाज आला, की डेटा पॅक हेच आजचं रॉकेल. त्यावर माजी अध्यक्ष उठून उभे राहिले. ‘आमच्या पोराले दिवसाले दोन जीबीचा रॉकेल भेटते, अन् तो रातभर जारतच रायते, अभ्यास कुठी करते?’

आमच्याच कपाळी हे आलं असं समजून मी खिन्न झालो होतो. पण मेलेल्या माणसाच्या अटी आणि जिवंत माणसाच्या गरजा यांचं भांडण सगळ्या जगात आहे. अमेरिकेत सेंट लुइसला ब्रायन मुलान्फी नावाचा एक धनवान १८५१ मध्ये वारला. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेले गरीब वाटसरू त्याच्या गावातून जायचे, त्यांच्या मदतीसाठी त्याने इस्टेटीचा मोठा हिस्सा ठेवला. पुढे आगगाड्या आल्या, छकडे थांबले, आणि पैसा तिथेच बसून वाढत राहिला, वाटसरूची वाट बघत. क्लीव्हलंडमधला फ्रेडरिक गॉफ हा बँकवाला अशा अडकलेल्या पैशांना कंटाळला आणि १९१४ मध्ये त्याने तोडगा काढला: पैसे बँकेने सांभाळायचे, पण ते कोणाला द्यायचे हे गावातल्या नागरिकांच्या एका समितीने ठरवायचं, आणि दात्याचा हेतू कालबाह्य झाला तर त्या समितीने तो नव्या काळाला जुळवून घ्यायचा. ही समितीही एकट्या बँकेने नेमायची नाही. काही जणांची नेमणूक महापौर आणि न्यायाधीश करणार. क्लीव्हलंड फाउंडेशन अजून चालू आहे. गॉफच्या समितीत माजी तंटामुक्त अध्यक्ष नव्हते, हा मुद्दा मी बैठकीत मांडला नाही.

आपल्याकडे तर ही परंपरा क्लीव्हलंडहून जुनी. पेशवाईत श्रावणात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात दक्षिणा वाटली जायची. प्रथा दाभाड्यांची, पुढे चालवली पेशव्यांनी. कोण किती विद्वान हे ठरवायला शास्त्रीमंडळी बसत, म्हणजे घेणारेही शास्त्री आणि जोखणारेही शास्त्री. इंग्रज आले, त्यांनी दक्षिणा लगेच बंद केली नाही. त्यातल्याच पैशातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मग १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या सुधारकांनी अर्ज केला, की हा पैसा नुसता वाटण्यापेक्षा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या. जुन्या मंडळींनी इतका गहजब केला, की अर्जदारांच्या पाठीशी उभं राहायला जोतीराव फुल्यांना आपली माणसं घेऊन यावं लागलं. एका अर्जासाठी. आमच्याकडे अर्जदार फार तर मामाजींना घेऊन येतो.

त्यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. आता गंमत बघा. चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, याच जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहून या कमिटीकडे पाठवलं, आणि कमिटीने ते नाकारलं. का, ते जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त स्वतःच लिहून ठेवलंय, कमिटीतल्या भटजी सभासदांना ते मानवणारं नव्हतं. आधुनिक मराठीतल्या अगदी पहिल्या नाटकांपैकी एक नाटक छापून यायला त्यानंतर सव्वाशेएक वर्षं लागली. कमिटीने काय काय मंजूर केलं ते आज संशोधकालाच माहीत असेल. नाकारलेलं मात्र शाळेतल्या पोराला माहीत आहे.

ही हकीकत मी बैठकीत सांगितली तेव्हा खोलीत शांतता पसरली. कोणी नाटक नाकारतं, हे आमच्या झाडीपट्टीतल्या मंडळींना पचेना. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा, मंडईला नाटक, आणि नाटकं पार शिमग्यापर्यंत, रात्र रात्रभर. वडशाच्या नाटक कंपन्यांकडे तारखा मिळत नाहीत. आमच्या निधीत भर पडावी म्हणून आम्हीही एका वर्षी खेळ घेतला होता. त्याचं पत्रक माझ्याकडे जपून ठेवलंय. वर एक उद्घाटक, त्याखाली सहउद्घाटक, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, रंगमंच पूजक, विशेष अतिथी, प्रमुख अतिथी, आणि सगळ्यात शेवटी बारीक टायपात नाटकाचं नाव. ज्याचं नाव पत्रकात, त्याची देणगी निधीत. तिकिटांपेक्षा या नावांवरच जास्त पैसे उभे राहिले. दीपप्रज्वलनाला इतके हात आले की समईची वात कोणी पेटवली ते फोटोतसुद्धा दिसत नाही. पडदा वर गेला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, पण थंडीत चादरी पांघरून बसलेली एक बाई जागची हलली नाही. दान गोळा करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पंचाईत आहे ती वाटण्याची.

पंचाईत अशी, की साकोली आणि सेंदुरवाफा मिळून आता नगर परिषद झाली असली तरी नात्यांच्या बाबतीत हे एकच घर आहे. पुण्याच्या तरुणाने एकदा ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’चा नियम आणला. अर्जदाराशी ज्याचं नातं असेल त्याने त्या अर्जापुरतं खोलीबाहेर जायचं. मोठ्या शहरांतल्या सगळ्या संस्थांत असंच असतं म्हणाला. ठराव एकमताने पास झाला, कारण त्याचा अर्थ कोणाच्या लक्षात आला नव्हता. पहिलाच अर्ज निघाला. डॉक्टर उठले, त्यांच्या साळ्याचा पुतण्या. शेठजी उठले, त्यांच्या मुनीमाचा नातू. काकाजींची सोयरिक, मुख्याध्यापकांचा विद्यार्थी, माझ्या घरमालकाचा मुलगा. वकीलसाहेब म्हणाले की अर्जदाराच्या बापाविरुद्ध त्यांनी बांधाच्या धुऱ्याची केस लढवली आहे, तेव्हा नातं नसलं तरी शत्रुत्व आहे, आणि तेही गेले. माजी अध्यक्ष अर्जदाराचे कोणीच लागत नव्हते, पण व्हरांड्यात चहा आला होता. पुण्याची लाइन तुटली. खोलीत एकट्या बाई.

आम्ही व्हरांड्यातून म्हटलं, बाई, तुम्ही?

‘माझं माहेर राजनांदगावचं,’ बाई चष्मा पुसत म्हणाल्या. ‘इथं माझे फक्त सासरचे आहेत. त्यांना नाही म्हणायला मला काहीच जड जात नाही.’

त्या दिवशी सात अर्ज वीस मिनिटांत निकाली निघाले. तो नियम आम्ही पुढच्याच बैठकीत मागे घेतला. कामकाज फार घाईने उरकलं जातं, असं बहुतेकांचं मत पडलं.

बाईंचं एक सांगतो. एका वर्षी एका मुलीचा अर्जच आला नव्हता. नर्सिंगला नंबर लागलेला, फीची तारीख तोंडावर, आणि बाप म्हणतो कोणापुढं हात पसरायचा नाही. कागद नाही तर मदत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले, आणि नियमाने ते बरोबर होतं. बाईंनी फक्त एवढं सुचवलं, की मदत म्हणू नका, बक्षीस म्हणा. बारावीच्या मार्कांवर बक्षीस. मुलगी तालुक्यात पहिली नव्हती. पण बाईंनी ‘रोवणी करून शिकलेल्या विद्यार्थिनींत पहिली’ असं खाली लिहिलं, आणि परे उपटायला ती पोर किती पावसाळे गेली हे समितीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाप नारळ घेऊन आला, हात पुढे केला, पैसे सरळ कॉलेजात गेले. दूरचा दाता हे करू शकत नाही. अमेरिकेतल्या मराठी लोकांनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन काढलं. पैसे तिकडे जमतात, पण इथं कोणाच्या कामाला द्यायचे हे ठरवायला इथलीच माणसं लागतात, निवड समित्या लागतात, त्या यामुळे. कोणाच्या घरी चूल कशावर पेटते, हे न्यू जर्सीत बसून कळत नाही. कळतं ते शेजाऱ्याला. आणि नको तेवढं कळतं, हीच समितीची अडचण.

तारखेचंही तसंच. फी भरायची असते जून-जुलैत. त्याच वेळी शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. असतील नसतील ते परे, खत आणि ट्रॅक्टरच्या चिखलणीत गेलेले, आणि उन्हाळी धानाचा चुकारा अजून यायचा असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत निम्मी समिती स्वतःच्या बांधीत असते. कित्येक वर्षं आमची बैठक पोळ्याच्या आसपास व्हायची. फीची मुदत टळलेल्या पोरांना आम्ही मोठ्या जिव्हाळ्याने चेक द्यायचो, ती बिचारी घरचं सावकाराचं व्याज त्यातून भरायची. बैठक मृगाच्या आधी घ्यावी, ही एवढी साधी गोष्ट पास व्हायला तीन वर्षं चर्चा झाली. माझ्या मते समितीने निधीवर केलेला हा सर्वांत मोठा उपकार आहे. कंदिलाचा प्रश्न विश्वस्तांनी भंडाऱ्याला रीतसर अर्ज करून सोडवायचा ठरवला आहे. तोवर प्रत्येक मंजुरीपत्रावर ‘प्रकाशाकरिता’ असं लिहून आम्ही वेळ मारून नेतो.

आता मूळ कामाकडे येतो, म्हणजे नाही म्हणण्याकडे. हो म्हणायला समिती कशाला लागते? हो एकटा माणूसही म्हणतो, फोटोही एकट्याचाच छान येतो. नऊ माणसं लागतात ती नकाराचे नऊ वाटे करायला. एकट्याने नाही म्हटलं, तर आठवडी बाजारात भाजी घ्यायला कुठल्या तोंडाने जायचं? समितीने नाही म्हटलं की प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा नकार येतो, की तो कोणाच्याच अंगाला लागत नाही.

सेंदुरवाफ्याच्या एका गृहस्थाने मुलासाठी अर्ज केला. उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचे एकवीस हजार. ट्रॅक्टरचा हप्ताच त्याहून मोठा, हे शेठजींना माहीत, कारण त्यांच्याच मिलमध्ये त्याचा धान येतो. अर्ज एकमताने नामंजूर झाला. पुढच्या आठवड्यात तो गृहस्थ बाजारात प्रत्येकाला गाठत गेला, आणि प्रत्येकाने त्याला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून एकच सांगितलं: ‘मी तं तुज्याच बाजूनं होतो गा, बाकीच्यायनं आयकलं नाही.’ मीही सांगितलं. बाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मान अशी हलवली की तिचा अर्थ कसाही लागावा.

तो गृहस्थ हिशेबाचा पक्का. त्याने बोटं मोजली आणि थेट बैठकीत येऊन उभा राहिला. ‘काय जी, नवाचे नव माज्या बाजूनं, मंग मी हारलो कसा?’

असा प्रश्न दक्षिणा प्राइज कमिटीलाही कोणी विचारला नसेल. वकीलसाहेबांनी कायद्याचं पुस्तक चाळलं. मुख्याध्यापकांनी त्याला बसायला सांगितलं. शेवटी माजी अध्यक्षांनी तंटा मिटवण्याचा आपला जुना आणि हमखास उपाय काढला: त्यालाच समितीत घ्या. दहावा सदस्य म्हणून त्याचं नाव टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं.

पहिल्या बैठकीत त्याने तीन अर्जांवर नाही म्हटलं, आणि तिन्ही वेळा त्याचं बरोबर होतं. खोटे दाखले कसे निघतात हे आमच्यापैकी त्यालाच सर्वांत चांगलं ठाऊक. इथवर ठीक होतं. पण नंतर बाजारात त्या तिघांनी त्याला गाठलं, तेव्हा हा गृहस्थ त्यांच्या तोंडावर म्हणाला, ‘मीच नाई म्हटलो. तुज्याकडं ट्रॅक्टर आहे.’

समितीत खळबळ उडाली. अशाने लोकांचा समितीवरचा विश्वास उडेल, असं डॉक्टर म्हणाले. शेठजींनी गोपनीयतेचा मुद्दा काढला. मुख्याध्यापकांच्या मते प्रश्न शिस्तीचा होता. त्याला समज देणारी नोटीस काढायचं ठरलं, वकीलसाहेबांनी ती लिहिली, नऊ जणांनी सह्या केल्या. बाईंनी सही करताना ‘विदाऊट प्रिज्युडिस’ लिहिलं. नोटीस तयार होऊन आता बराच काळ झाला. ती त्याला नेऊन द्यायची कोणी, हे ठरवायला तीन जणांची उपसमिती नेमली आहे, आणि तिची पहिली बैठक कोरमअभावी तहकूब झाली आहे.